लॅपटॉपच्या बॅटरीचे आरोग्य तपासताना या चुका टाळा

सोलापुरात नवी पेठेजवळच्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात येणारी निम्मी माणसे उंबरठ्यावरूनच विचारतात, "बॅटरी गेली का, दोन मिनिटांत सांगा." दोन मिनिटांत मी एवढेच सांगू शकतो की बॅटरी जागेवर आहे.

पहिली चूक पडद्याच्या कोपऱ्यातील टक्केवारीची. तेथे 100 दिसते म्हणजे बॅटरी ठणठणीत, असे समजणारे सुशिक्षित लोक मी रोज पाहतो. नळाला रोज पाणी न येणाऱ्या आमच्या शहरात हे समजावणे सोपे जाते: तळाशी वीतभर गाळ साचलेली टाकीसुद्धा काठोकाठ भरते, पण पाणी पूर्वीइतके दिवस पुरत नाही. टाकीत आज किती मावते, हे पाहायचे असते.

विंडोजमध्ये त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची काळी खिडकी, उघडून इंग्रजीत 'powercfg' लिहावे, एक जागा सोडून तिरपी रेघ (/) द्यावी, तिला चिकटून 'batteryreport' लिहावे आणि एंटर दाबावे. अहवालाची फाइल कोठे साठवली, हे त्याच काळ्या खिडकीत लिहून येते. ती ओळ न वाचता "रिपोर्ट आलाच नाही" म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. फाइल ब्राउझरमध्ये उघडली की डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आज मावते ती क्षमता) हे दोन आकडे मिलिवॅट-तासांत दिसतात. दुसऱ्याला पहिल्याने भागून शंभराने गुणले की आरोग्याची टक्केवारी मिळते. मॅकबुकमध्ये हीच माहिती सेटिंग्जमधील बॅटरी या विभागात तयार मिळते.

येथेच थांबणे ही माझ्या मते सर्वांत महागडी चूक, आणि ती मी स्वतः केलेली आहे. मोहोळचे एक निवृत्त शिक्षक लॅपटॉप घेऊन आले होते. डिझाइन कपॅसिटी 41,040 आणि फुल चार्ज 23,400, म्हणजे जेमतेम 57 टक्के. "गुरुजी, बदलावी लागेल," असे सांगून मी पुण्याहून बॅटरी मागवली. ती येईपर्यंत लॅपटॉप दुकानातच होता, म्हणून सहज चार्जर काढून त्यावर व्हिडिओ चालू ठेवला. पाच टक्के उरल्याचे दाखवूनही तो चालतच राहिला, बंद पडेना. शेवटी आपोआप बंद झाल्यावर पूर्ण चार्ज करून पुन्हा अहवाल काढला, तर आकडा आला 33,600, म्हणजे जवळजवळ 82 टक्के. गुरुजींचा लॅपटॉप वर्षभर टेबलावर चार्जरला जोडलेलाच होता. बॅटरी एकदाही खाली उतरली नसल्याने तिच्यातील मोजमाप करणाऱ्या चिपचा अंदाज चुकला होता. त्याच अहवालात खाली क्षमतेचा इतिहास असतो. तो मी आधी पाहिला असता, तर आकडा हळूहळू न झिजता दोन आठवड्यांत कोसळलेला दिसला असता आणि मला तेव्हाच शंका आली असती. गुरुजी काही बोलले नाहीत, पण पुरवठादार ती बॅटरी परत घेईना आणि तिचे पैसे माझ्याच खिशातून गेले.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. बॅटरी पूर्ण भरतो, तासभर थंड होऊ देतो, चार्जर काढून लॅपटॉप आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो आणि किती वेळ चालला ते वहीत लिहितो. दोन-तीन तासांनी पुन्हा सलग चार्ज करून मगच अहवाल काढतो. अहवाल आणि वही यांचा मेळ बसला नाही, तर मी वहीवर विश्वास ठेवतो. मात्र हे दर आठवड्याला करू नये. बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करावी, हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. लिथियम-आयन बॅटरी अशाने उलट लवकर झिजते.

एप्रिल-मेमध्ये तर तपासणीची वेळसुद्धा पाहावी लागते. चाळिशीपार गेलेल्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीतून आलेला लॅपटॉप कधी कधी चार्जच होत नाही, कारण तापलेली बॅटरी स्वतःच्या बचावासाठी चार्जिंग थांबवते. लोक मात्र तिला मेलेली ठरवून मोकळे होतात. पलंगावर आपल्या सोलापुरी चादरीवर लॅपटॉप ठेवणाऱ्यांचेही तेच होते: चादर उत्तमच, पण तिने खालच्या जाळ्या बुजतात.

ऐंशी टक्क्यांच्या पुढे चार्जिंग जात नसेल, तर कंपनीने दिलेली चार्जिंगची मर्यादा चालू आहे का, ते आधी पाहावे; बॅटरी सुस्थितीत असते, फक्त चाचणीपुरती ती मर्यादा काढावी लागते. अहवालातील सायकलचा, म्हणजे बॅटरी पूर्ण वापरल्याच्या फेऱ्यांचा, आकडा म्हणजे चार्जर किती वेळा लावला हे नव्हे. दोनदा अर्धी अर्धी वापरली तरी एकच सायकल धरतात. स्वस्तातली नवी बॅटरी शंभर टक्के आरोग्य दाखवते यावर भाळू नये, कारण तो आकडा तिच्याच चिपने सांगितलेला असतो. तिलाही घड्याळ लावावे.

टचपॅड वर उचलला गेला असेल, क्लिक होत नसेल किंवा लॅपटॉप टेबलावर डुलत असेल, तर बॅटरी फुगलेली असण्याची दाट शक्यता आहे, मग अहवाल 90 टक्के का म्हणेना. अशा लॅपटॉपवर कोणतीही चाचणी करू नये. तो बंद करावा, चार्जर काढावा आणि बॅटरी टोचून किंवा दाबून न पाहता तसाच दुरुस्तीला आणावा. आणताना डिकीत नको, हातातल्या पिशवीत आणावा.