लिस्बनची फूड टूर : या चुका टाळा

गाइडबरोबर लिस्बनच्या जुन्या वस्तीतून तीन-चार तास पायी फिरायचं आणि वाटेत पाच-सहा ठिकाणी थांबून पोर्तुगीज खाणंपिणं चाखायचं, असं या टूरचं साधारण स्वरूप असतं. ती फसते तेव्हा दोष बहुधा पदार्थांचा नसतो. बुकिंग करताना काही विचारायचं राहिलेलं असतं, किंवा आपण काय खात नाही हे अर्धवट सांगितलेलं असतं.

‘मी व्हेजिटेरियन आहे’ एवढंच कळवणं

मराठी पर्यटकांची सर्वांत जास्त फजिती इथे होते. पोर्तुगालमध्ये मासे मांसात धरत नाहीत. मांस नको म्हटलं की ट्यूना घातलेलं सॅलड समोर येतं, आणि आणणाऱ्याला त्यात काही चुकलंय असं वाटत नाही. अंडं तर तिथल्या शाकाहाराचाच भाग आहे. म्हणून फॉर्मवर नुसती टिक करून थांबू नका. निदान ४८ तास आधी लेखी कळवा आणि एकेक गोष्ट नाव घेऊन लिहा : मांस, चिकन, हॅम, मासे, कोळंबी-शिंपले, आणि खात नसाल तर अंडंही. आधी कळलं तर गाइड दुकानदाराशी बोलून दुसरं काही ठरवतो. आयत्या वेळी सांगितलं तर बहुधा पाव आणि ऑलिव्हवर भागवावं लागतं.

तोंडी सांगायला एक वाक्य पाठ करा : ‘नाउं कोमु कार्न, नें पेइश, नें मारीश्कु, नें ओवुश.’ मांस, मासे, कोळंबी-शिंपले आणि अंडी मी खात नाही, असा त्याचा अर्थ. हेच वाक्य पोर्तुगीजमध्ये, रोमन लिपीत मोबाइलवर लिहून ठेवलं तर उच्चाराचा प्रश्नच येत नाही.

काउंटरच्या काचेमागे दिसणाऱ्या ओळखीच्या आकारांवर मात्र विश्वास ठेवू नका. शामुसा म्हणजे गोवा आणि मोझांबिकमधल्या लोकांबरोबर लिस्बनला पोचलेला आपला समोसाच, पण सारण बहुतेक वेळा बीफच्या किंवा चिकनच्या खिम्याचं असतं. बटाट्याचं सारण गृहीत धरून चावा घेतलेल्यांची पंचाईत होते. करंजीसारखा दिसणारा रिसॉल आत कोळंबी किंवा खिमा घेऊन येतो. लांबट क्रोकेत्त बटाट्याचं वाटतं, पण ते मांसाचं असतं. बीफ टाळणाऱ्यांनी ‘प्रेगु’ हे सँडविच सोडावं आणि पोर्क टाळणाऱ्यांनी ‘बिफाना’. काल्दु वेर्द हे बटाट्याचं दाट सूप. त्यात हिरव्या पाल्याच्या केसासारख्या बारीक चिरलेल्या काड्या असतात आणि वर शोरीसू या पोर्क सॉसेजची चकती. चकती बाजूला काढली म्हणजे सूप शाकाहारी झालं, असं नाही. अनेक ठिकाणी शोरीसू सूपमध्येच उकळलेलं असतं.

मग शाकाहाऱ्याने खायचं काय? बरंच काही आहे. ‘पेइशीन्युश दा ओर्ता’ या नावात मासे असले, तरी ताटात येतात त्या पिठात बुडवून तळलेल्या फरसबीच्या शेंगा. जपानी टेम्पुराचं मूळ याच पदार्थात असल्याचं मानतात. तिथे दोन गोष्टी विचारा : पिठात अंडं आहे का, आणि त्याच तेलात बाकाल्याउचे, म्हणजे खारवून सुकवलेल्या कॉड माशाचे, वडे तळले आहेत का. चीज हा तर शाकाहाऱ्यांसाठी खास विषय. अनेक युरोपीय चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. पण मेंढीच्या दुधाची सॅरा दा एश्त्रेला, आझेताउं आणि सॅर्पा ही पारंपरिक चीज काटेरी कार्दू वनस्पतीच्या फुलांनी विरजतात. पिकलेलं आझेताउं सुरीने कापत बसू नका. वरचं कवच टोपणासारखं काढायचं आणि आतला मऊ गर चमच्याने पावावर घ्यायचा. किंचित कडसर, आंबूस चव हीच त्याची खूण. चीज खराब झालंय असं समजून बाजूला ठेवणारे एका उत्तम पदार्थाला मुकतात.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांना मात्र स्पष्ट सांगायला हवं : ऑलिव्ह तेलात कांदा-लसूण परतूनच इथल्या बहुतेक रस्स्यांची आणि सुपांची सुरुवात होते. गटाच्या टूरवर पैसे घालवण्यापेक्षा आपल्यापुरती खासगी टूर ठरवलेली बरी.

ॲलर्जीचं एक महत्त्वाचं. बियरबरोबर वाटीत पिवळे, चपटे, खाऱ्या पाण्यातले दाणे येतात, ते ‘त्रेमोसुश’. साल दाताने किंचित फोडून आतला दाणा तोंडात सोडायचा. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांना यांचाही त्रास होऊ शकतो, त्यामुळे त्यांनी हात लावू नये. गोड पदार्थांत बदाम पुष्कळ असतात, तेही आधीच सांगा.

नाताबद्दलचे गैरसमज

पाश्तेल द नाता, म्हणजे कस्टर्ड भरलेली पापुद्र्यांची छोटी पेस्ट्री, अंड्याच्या पिवळ्या बलकावरच उभी असते, तेव्हा ‘केकसारखं थोडंसं अंडं’ अशी समजूत नको. अंडं आणि दूध नसलेल्या नाता करणारी दुकानं लिस्बनमध्ये आहेत, पण टूरच्या वाटेवर ती असतीलच असं नाही. काही पेस्ट्रीत डुकराची चरबीही असते. ‘तें बान्या?’ एवढं विचारलं की कळतं. ‘तोसीन्यु दु सेउ’ या बदामाच्या मिठाईच्या पारंपरिक कृतीत ती येतेच.

वरचे काळे डाग म्हणजे नाता करपली असं नव्हे. फार तापलेल्या भट्टीत ती झटपट भाजली जाते आणि साखर-दुधाचा पृष्ठभाग जागोजागी जळतो. तसा तो हवाच. कोमट असतानाच वर दालचिनी भुरभुरून खा. गार झाली की तळाचे पापुद्रे मऊ पडतात. बरोबर ‘बिका’ मागा, म्हणजे छोट्या कपातली कडक एस्प्रेसो. दुधाची कॉफी हवी तर ‘गालाउं’.

आणखी एक अपेक्षाभंग : १८३७ पासून चालू असलेलं ‘पाश्तेइश द बेलें’ हे प्रसिद्ध दुकान शहराच्या मध्यभागी नाही, पश्चिमेला सुमारे सहा किलोमीटरवर बेलें भागात आहे. बायशा किंवा मोउरारिया या मध्यवर्ती वस्त्यांतल्या टूरमध्ये ते नसतं. त्यासाठी १५ नंबरच्या ट्रामने वेगळं जा.

भेटण्याची जागा चुकणं

उशीर होण्यामागे दोन ठरलेले घोटाळे असतात. पहिला ‘रोसियू’चा. रोसियू मेट्रो स्थानक आणि रोसियू रेल्वे स्थानक वेगवेगळ्या जागी आहेत. रेल्वे स्थानकाला जवळचं मेट्रो स्थानक रेश्टाउरादोरेश. शिवाय रोसियू चौकाचं अधिकृत नाव ‘प्रासा दों पेद्रू चौथा’ असल्याने नकाशावर तेच दिसतं. दुसरा घोटाळा बायशा-शियाडू मेट्रोचा. तिचं एक दार खाली बायशात उघडतं, दुसरं वर टेकडीवर शियाडूत. मधे लांबलचक सरकते जिने आहेत. चुकीच्या दाराने बाहेर पडलात तर चढ चढण्यापेक्षा परत आत येऊन जिन्याने जाणं सोपं.

गाइडचा नंबर व्हॉट्सॲपवर आदल्या रात्रीच जोडा आणि दुसऱ्या थांब्याचं नाव विचारून ठेवा. उशीर झालाच तर पहिला थांबा सोडून थेट तिथे गटाला गाठता येतं.

रिकाम्या पोटी पिणं, पहिल्याच थांब्यावर पोट भरणं

पेले इवलेसे असतात, म्हणून हिशोब राहत नाही. तो असा मांडा : १२० मिलि विन्यु वेर्द ही हलकी वाइन (११ टक्के), ६० मिलि पोर्ट (२० टक्के) आणि ४० मिलि जिंजीन्या (साधारण २० टक्के) मिळून शुद्ध अल्कोहोल ३३ मिलिच्या आसपास जातं. आपल्याकडच्या ३० मिलिच्या छोट्या पेगांत मोजलं तर अडीच पेग, आणि वर उन्हातली चढण. पोर्ट फसवी असते, कारण द्राक्षरस आंबत असतानाच त्यात द्राक्षांचं कडक मद्य घालून आंबणं थांबवतात. साखर शिल्लक राहते आणि गोडव्याखाली तीव्रता लपते. जिंजीन्या ही आंबट चेरीची लिक्युअर. ‘कों एलश’ म्हटलं तर पेल्यात चेरीही येते, ‘सें एलश’ म्हटलं तर नुसती लिक्युअर. त्या चेरीत मद्य मुरलेलं असतं, हेही हिशोबात धरा.

टूरच्या दोन-तीन तास आधी हलकं काहीतरी खा, जेवू मात्र नका. प्रत्येक पेल्यामागे पेलाभर पाणी घ्या. लिस्बनचं नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, ‘आग्वा दा तुर्नेइरा’ म्हणून मागा. पहिल्या थांब्यावर पाव, चीज, ऑलिव्ह यांची रेलचेल असते. तिथे हात आखडता घेतला नाही तर चौथ्या थांब्यावरचा गरम पदार्थ नुसता बघत बसावं लागतं. मद्य घेत नसाल तर तेही बुकिंगमध्येच लिहा, म्हणजे बदली पेय ठरवता येतं. पोर्तुगालमध्ये मद्यपानाचं किमान वय १८ आहे. मुलं बरोबर असतील तर त्यांना चालेल अशी टूर निवडा.

दिवस आणि चपला

रविवारी अनेक छोट्या खानावळी बंद असतात, त्यामुळे टूर चालू असली तरी थांबे बदलतात. सोमवारी ताजी मासळी कमी, कारण आदल्या दिवशी बऱ्याच होड्या समुद्रात गेलेल्या नसतात. भाजलेल्या सार्डिनसाठी यायचं तर जून ते सप्टेंबर. फेब्रुवारीत मिळणारी फ्रोझन असण्याची शक्यता जास्त. १२ आणि १३ जूनला सांतु आंतोनियु या संताच्या उत्सवात आल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्या खचाखच भरतात. मजा प्रचंड, पण शांतपणे चाखत फिरायला ते दिवस निरुपयोगी.

फुटपाथवर छोटे चुनखडीचे दगड बसवलेले असतात. वर्षानुवर्षांच्या पावलांनी ते काचेसारखे गुळगुळीत झालेत, आणि पावसात उतारावर पाय सटकतोच. खोल नक्षीच्या रबरी तळाचे बूट हवेत. कोल्हापुरी किंवा चामडी तळाचे बूट हॉटेलवरच ठेवा.

पैसे

‘फ्री टूर’मध्ये सहसा खाणं धरलेलं नसतं. गाइडची कमाई टिपवर असते आणि प्रत्येक थांब्याचं बिल तुमचं. पैसे भरून घेतलेल्या टूरमध्ये किती पदार्थ, किती पेयं आणि किती माणसांचा गट, हे तिन्ही लिहून मागा. बारापेक्षा मोठा गट छोट्या खानावळीत मावत नाही; अर्धे बाहेर उभे राहतात आणि गाइडचं बोलणं ऐकू येत नाही. काही छोट्या दुकानांत परदेशी कार्ड चालत नाही, तेव्हा वीसेक युरो सुट्टे जवळ ठेवा.

टूरनंतर आपलं आपण जेवायला गेलात की न मागता पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं. ते फुकट नसतं, पण मागवलं नसेल आणि हात लावला नसेल तर कायद्याने त्याचे पैसे घेता येत नाहीत. नको असेल तर लगेच परत पाठवा. बिलावर वाद झालाच तर आवाज चढवू नका, ‘लिव्रु द रेक्लामासोंइश’ मागा. ही तक्रारवही हॉटेलांना ठेवावीच लागते, आणि मागितल्यावर द्यावीही लागते.