या चुका टाळा: छोटं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्यांसाठी, थोडं वैतागून

सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअरची नोकरी आणि शनिवार-रविवार ओळखीपाळखीच्यांची ऑनलाइन दुकानं सांभाळणं, असं माझं बरीच वर्षं चाललंय. कुणाचा आंबा, कुणाचा दिवाळीचा फराळ, कुणाच्या पैठण्या. माल वेगळा, चुका त्याच. फोनची वेळही ठरलेली, रात्री अकरानंतर, आणि पहिलं वाक्यही: "दादा, आम्ही काहीच केलं नाही हो, आपोआप बंद पडलं."

"बॅकअप रोज होतो की"

होतो. पण उघडून बघितलाय कुणी?

रत्नागिरीजवळच्या एका बागायतदार काकांची साइट मीच करून दिली होती. अक्षय्य तृतीया चार दिवसांवर, हापूसच्या ऑर्डरी धो धो येत होत्या आणि साइट बसली. बघतो तर सर्व्हरची डिस्क काठोकाठ भरलेली. कशाने? रोजच्या बॅकअपनेच. जुन्या फाइली काढून टाकायची एक ओळ स्क्रिप्टमध्ये, म्हणजे रोज आपोआप चालणाऱ्या कमांडींच्या फाइलमध्ये, लिहायची राहून गेली होती, आणि बॅकअपही त्याच सर्व्हरवर ठेवले होते. म्हणजे तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच. जागा करायच्या घाईत, अर्धवट झोपेत, मी भलत्याच फोल्डरमध्ये डिलीटची कमांड मारली. डेटाबेस, म्हणजे ऑर्डरी आणि पत्त्यांची सगळी नोंद, गेला.

घाबरलो नाही, कारण आदल्या पहाटेचा बॅकअप होता. तो रीस्टोर केला, म्हणजे त्यातला डेटा परत भरला. फोन नंबर बरोबर, डझन बरोबर, रक्कम बरोबर. नाव: ????? ???????. पत्ता: ????, ?????? ??, ????.

झालं होतं असं. बॅकअपची कमांड मी दहा वर्षांपूर्वीच्या एका नोकरीतल्या स्क्रिप्टमधून जशीच्या तशी उचलली होती. तिच्यात अक्षरसंच, म्हणजे कुठली अक्षरं साठवता येतील त्याची यादी, 'लॅटिन-१' असा लिहिलेला. तिथला सगळा डेटा इंग्रजी, त्यामुळे तिथे कधी बिघडलं नाही. इथे गिऱ्हाइकं पत्ते मराठीत भरत होती. लॅटिन-१ मध्ये देवनागरी बसतच नाही, मग डेटाबेस न बसणाऱ्या प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून देतो. एकदा 'क'चंही प्रश्नचिन्ह झालं आणि 'स'चंही, की मागे फिरायला वाट नाही. तीन हंगाम रोज पहाटे, न चुकता, आम्ही प्रश्नचिन्हं जपून ठेवत होतो.

वाचवलं ते काकूंच्या वहीने. काकूंचा इंटरनेटवर काडीचा भरवसा नाही, त्यामुळे आलेली ऑर्डर त्या दोनशे पानी वहीत उतरवून घ्यायच्या. दोनशे चौदा ऑर्डरींपैकी एकशे साठ वहीत सापडल्या. उरलेल्यांना मी आणि काकांनी फोन लावले: "ताई, पत्ता परत सांगता का?"

मोठ्यांचंही असंच होतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या (प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणारी कंपनी) एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसची डिरेक्टरी उडवली. जपणुकीचे पाच मार्ग होते, वेळेला त्यातला एकही धड चालला नाही. सहा तास आधी हाताने घेतलेली एक प्रत होती म्हणून निभावलं.

आता माझी सवय: महिन्याच्या पहिल्या शनिवारी चहा घेऊन जुन्या लॅपटॉपवर ताजा बॅकअप रीस्टोर करतो आणि त्यातला एक मराठी पत्ता मोठ्याने वाचतो. बायको हसते, हसू दे. एक प्रत सर्व्हरच्या बाहेर, तिसाव्या दिवसानंतरच्या जुन्या फाइली आपोआप साफ. हे सगळं आपोआप तपासणारी साधनं आहेत म्हणे. वापरा. मी तरी डोळ्यांनीच बघणार.

डोमेन भलत्याच्या नावावर

साइट बनवणाऱ्या मुलाने स्वतःच्या ईमेलवरून डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, घेतलं, पुढे तो नोकरीला बंगळुरूला गेला, नंबर बदलला. नूतनीकरणाची सूचना ज्या ईमेलवर जाते तो कुणी उघडत नाही. डॉट कॉमची मुदत संपल्यावर साधारण काही दिवसांची सवलत मिळते, ती कंपनीगणिक बदलते, जास्तीत जास्त ४५ दिवस. मग ३० दिवस जबर दंड भरून सोडवता येतं, मग ५ दिवस कुणालाच हात लावता येत नाही, आणि नंतर ते पहिला येईल त्याचं. दुकानाची पाटी दुसऱ्याच्या नावावर कुणी करतं का? डोमेन स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डावर घ्या. मी सगळ्यांची डोमेनं गुढीपाडव्याला तपासतो, मुदत असो नसो.

बाकीच्या, झटपट

यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. खात्यात जमा झालेलं बघा, मग पार्सल बांधा.

"पेमेंट यशस्वी" हे पान उघडलं की ऑर्डर पक्की, असा कोड लिहू नका. गिऱ्हाईक पैसे भरून तिथेच ब्राउझर बंद करतं. गेटवेकडून (पैसे स्वीकारून देणाऱ्या कंपनीकडून) सर्व्हरला थेट येणारा वेबहुक, म्हणजे आपोआप येणारा संदेश, हाच खरा निरोप, आणि तो खरंच गेटवेचाच आहे हे सांगणारी त्याची डिजिटल सही तपासा. एका व्हिडिओत बघून रविवारी दुकान उघडणारे नेमकी हीच पायरी गाळतात, आणि सोमवारी मला फोन करतात.

रक्कम रुपयांत नव्हे, पैशांत, पूर्णांकात साठवा. फ्लोटमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या दशांश आकड्यांत, ०.१ अधिक ०.२ बरोब्बर ०.३ येत नाही.

मराठी एसएमएस इंग्रजीसारखा १६० नव्हे, ७० अक्षरांचा असतो. त्यापुढे गेलात की दोन एसएमएसचे पैसे.

सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. फराळवाल्या एका ताईंचा धनत्रयोदशीचा हिशेब काही केल्या जुळेना. रात्री बारा ते पहाटे साडेपाचच्या सगळ्या ऑर्डरी आदल्या दिवसात पडत होत्या. त्या वेळात लोक इतक्या चकल्या मागवतात हे मला तेव्हा कळलं.