पितळेची पातेली पुन्हा वापरात आणताना

माळ्यावरची पितळेची पातेली हल्ली पुन्हा स्वयंपाकघरात उतरू लागली आहेत. ती गॅसवर चढवण्याआधी ‘कळकणे’ हे जुने क्रियापद आठवावे. कल्हई, म्हणजे आतून दिलेला कथलाचा (टिनचा) मुलामा, नसलेल्या भांड्यात ताक किंवा आंबट आमटी राहिली, की तिला तुरट, नकोशी चव येते, ती कळकते, म्हणजेच आंबटपणामुळे भांड्यातले तांबे अन्नात उतरते. चिंच-मिठाने घासलेला तांब्या लख्ख निघतो, तोही याच कारणाने. असे अन्न पोटात गेल्यास मळमळ, उलट्या आणि पोटात कळा येतात.

दूध आंबट नसते, म्हणून ते चालेल असे समजू नये. पितळेच्या भांड्यात तापवून ठेवलेल्या दुधात तांबे उतरते, आणि असे दूध पाजलेल्या तान्ह्या मुलांच्या यकृताच्या जीवघेण्या आजाराशी त्याचा संबंध १९८०च्या दशकात पुण्यातील बालरोगतज्ज्ञांच्या अभ्यासातून पुढे आला. बाळाच्या दुधासाठी स्टीलचेच भांडे वापरावे; इथे कल्हईवरही विसंबू नये.

इतर स्वयंपाकासाठी कल्हई हवीच, आणि ती शक्यतो समोर उभे राहून करून घ्यावी. भट्टीवर तापलेल्या भांड्यात नवसागर (अमोनियम क्लोराइड) टाकताच पांढरा धूर उठतो, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने ती चांदीसारखी पसरवतात. धूर घशाला झोंबतो, म्हणून हे काम उघड्यावर व्हावे आणि मुलांना लांब ठेवावे. कथील शुद्ध आहे का, हे स्पष्ट विचारावे, कारण डाख देण्याच्या, म्हणजे धातूचे सांधे जोडण्याच्या कथलात बहुधा शिसे असते आणि शिशाला कळकण्यासारखी सावध करणारी चवही नसते. मला तर खरी भीती शिशाचीच वाटते.

कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे कल्हईचे भांडे रिकामे तापवू नये, त्यात तेल धुरावेपर्यंत फोडणी करू नये आणि तारेची घासणी लावू नये. आतून पिवळी धातू डोकावू लागली, की पुन्हा कल्हई करावी. कल्हई असली तरी शिजलेले आंबट पदार्थ लगेच दुसऱ्या भांड्यात काढावेत.

तांब्याच्या बाटलीत साधे पाणीच भरावे, लिंबूसरबत किंवा ताक कधीही नाही. कल्हईवाला मिळेनासा झाला असेल, तर ते पातेले डाळ-तांदूळ मोजायला ठेवावे.