मुलीला जुनं नाव ठेवायचंय? आधी पणजीचं माहेरचं नाव शोधा

सख्खे, चुलत, मामे असे सगळे भाऊ धरले तर अकरा मुलींची मी आत्या. पाळण्यात वाकून ‘कुर्रर्र’ करायचं काम दर वेळी माझ्याकडेच येतं. बारशाच्या आठवडाभर आधी फोन ठरलेला: “ताई, जुन्या वळणाचं काहीतरी सुचव ना.” सोबत मोबाइलवर एक यादी येते आणि तिच्यात मायरा, कियारा ही नावं ‘प्राचीन संस्कृत’ म्हणून दिलेली असतात. ती यादी आधी बाजूला ठेवा. जुनं नाव आपल्याच घरात सापडतं.

पहिल्यांदा पिढी ठरवा. सुनीता, संगीता, मंदा ही नावं अजून आपल्या मावश्या-काकवांची आहेत. ती बाळाला ठेवली की शेजारच्या काकूच डोळ्यापुढे येतात. त्यामागची पिढी मालती, कुसुम, नलिनी, वत्सला, शकुंतला यांची. त्याहून मागे गोदावरी, सगुणा, मथुरा, द्वारका, मुक्ता. माझा कल नेहमी या शेवटच्या पिढीकडे असतो. मूल महाराष्ट्राबाहेर वाढणार असेल तर एवढं पाहा की कमल, विमल, सुमन ही नावं तिकडे पुरुषांचीही असतात.

मग दोन्हीकडच्या आज्या-पणज्यांची नावं कागदावर लिहा. दोन्हीकडच्या म्हणजे बाळाच्या आईच्या माहेरच्यासुद्धा. नाव बापाच्याच घराण्यातलं हवं, हा हट्ट मला मान्य नाही.

खरी अडचण इथेच येते आणि मी स्वतः इथे चुकले आहे.

आपल्या पणज्यांना दोन नावं होती. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहिलं जायचं आणि माहेरचं नाव त्या दिवसापासून मागे पडायचं. कल्याणला 1865 साली जन्मलेली यमुना लग्नानंतर आनंदी झाली. डॉक्टर आनंदीबाई जोशी त्या याच. कुर्लेकरांची यमुना न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी येऊन रमा झाली. आनंदी आणि रमा आज पुन्हा पाळण्यात दिसतात, यमुना मात्र क्वचितच. घराघरांत हेच झालं. आपण ज्याला ‘आजीचं नाव’ म्हणतो ते पुष्कळदा तिच्या सासरच्यांनी ठेवलेलं असतं.

2014 साली धाकट्या भावाला मुलगी झाली. आमची आजी तेव्हा 86 वर्षांची होती. तिचंच नाव ठेवायचं असं आम्ही परस्पर ठरवलं आणि मी मोठ्या उत्साहात ‘इंदिरा’ जाहीर केलं. आजी पाळण्याशेजारीच बसली होती, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ काढायला लावलं आणि काठावरची अक्षरं बोटाने दाखवली: द्वारका. “इंदिरा ह्यांनी ठेवलं गं. मी द्वारकी. चौदाव्या वर्षी इथे आले, त्यानंतर त्या नावाने कुणी हाक मारली नाही.” लहानपणापासून त्या घंगाळातल्या पाण्याने अंघोळ करत होतो आम्ही. काठावर काय कोरलंय ते एकानेही वाचलं नव्हतं. नगरपालिकेत नाव द्यायचं अजून बाकी होतं, म्हणून वाचलो. मुलीचं नाव द्वारका झालं. पुढे तीन वर्षं आजी तिला दिवसातून वीसदा हाक मारायची, काम असो नसो.

म्हणून सांगते, “तुझं नाव काय?” असं विचारू नका. त्याला सासरचंच नाव उत्तर म्हणून येतं. “लहानपणी तुला तुझी आई कशी हाक मारायची?” असं विचारा. आजी नसेल तर तिची धाकटी भावंडं गाठा. आंदणात आलेली भांडी उलटीपालटी करून बघा, जुनी पत्रिका किंवा शाळेचा दाखला असेल तर तोही. आणि नाव सापडल्यावर ते परत यावंसं वाटतं का, हे तिलाच विचारा. काहीजणींना सासरचं नाव मनापासून आवडतं. काही नावं दुःखातून आलेली असतात. आधीची मुलं गेली म्हणून धोंडी, मुलगा हवा होता म्हणून नकोशी. सातारा जिल्ह्यात 2011 साली अशा 285 मुलींना समारंभाने नवी नावं दिली गेली. असं नाव केवळ जुनं आहे म्हणून कुठल्याही बाळाच्या माथी मारू नका.

नाव सापडलं की त्याची छाटणी करू नका. द्वारकाचं ‘द्विरा’ आणि गोदावरीचं ‘गोविरा’ केलं की जुनं काहीच उरत नाही. लाडाने गोदू, द्वारकी म्हणा, कागदावर पूर्ण नाव ठेवा. ‘बाई’ जोडू नका.

पत्रिकेतलं अक्षर जुळत नसेल तर जन्मनाव वेगळं ठेवा, पूर्वीपासून तशीच पद्धत आहे.

बाळाच्या आईला ते नाव गॅलरीतून मोठ्याने हाकारायला सांगा. काही घरांत सासूचं नाव सुनेने घ्यायचं नाही, अशी चाल होती. आजही एखादीची जीभ अडखळते. तसं झालं तर दुसरं नाव घ्या. दिवसभर हाक तिलाच मारायची आहे.

राहिला जन्मदाखला. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण नाव त्याच वेळी द्यावं लागत नाही. नोंदणीनंतर 12 महिने ते विनाशुल्क घालता येतं. तेव्हा बारशाची तारीख जवळ आली म्हणून घाई करू नका. आधी गावी जाऊन मावशीआजीला भेटून या.