टेराझो टाकायचाय? आधी जमीन बघा, रंग सगळ्यात शेवटी

इन्स्टावर फोटो बघून टेराझो टाकायचं ठरवलं असेल तर दुकानात जायच्या आधी एखाद्या जुन्या शाळेत नाहीतर ओळखीच्या जुन्या घरात चक्कर मारा. तिथली ठिपक्यांची मोझॅक फरशी, तीच ही. सिमेंटमध्ये संगमरवराच्या चिप्स घालायच्या आणि वरून घासून गुळगुळीत करायचं, बस. वर्षानुवर्षं वापरलेली फरशी कुठं पिवळी पडली, कुठं तडकली, मोरीजवळ तिचे काय हाल झाले हे दुकानातलं चकाचक सॅम्पल कधीच सांगत नाही.

आता पहिलं काम, जमीन. आपल्याकडे तापीच्या पट्ट्यात काळी माती, पावसाळ्यात फुगणार आणि उन्हाळ्यात आकसून अशा भेगा पडणार की हात आत जाईल. प्लॉट तसल्या जमिनीवर असेल आणि जोत्यात तीच माती भरली असेल तर तळमजल्यावर जागेवर ओतलेला टेराझो नकोच, कारण भराव हलला की फरशीला तडा जातो आणि नंतर कितीही भरा, रंग काही जुळत नाही. मुरूम थराथरानं भरून, पाणी मारून, धुम्मस (ठोकून घट्ट करणं) नीट झालंय आणि वर काँक्रीट आहे, तर बिनधास्त ओता. शंका असेल तर टेराझोच्या तयार टाइल घ्या, एखादी हलली तर तेवढीच बदलता येते (त्यासाठी पाच-दहा टाइल जास्तीच्या घेऊन माळ्यावर टाकून ठेवा, नंतर त्याच रंगाचा लॉट मिळत नाही).

टाइल घेताना वरून बघू नका, कड बघा. खऱ्या मोझॅक टाइलला दोन थर दिसतात, खाली साधं सिमेंट आणि वर चिप्सचा थर, तो साधारण ५-६ मिमी तरी हवा, कारण पुढं पॉलिश करताना तोच घासला जाणार आहे. कडेला चिप्स दिसतच नाहीत, नुसतं वर चित्र आहे, म्हणजे ती टेराझो छापलेली व्हिट्रिफाइड. ती वाईट नाही भो, पण तिला परत घासून नवी करता येत नाही, मग टेराझोचा भाव कशाला द्यायचा? साइज शक्यतो आयएस १२३७ (सिमेंटच्या फरशीचं भारतीय मानक) मधली घ्या, २०, २५ नाहीतर ३० सेंमीची चौकोनी.

जागेवर ओतायचं असेल तर मिस्त्रीला जाडी आधीच विचारा. नेहमीचा हिशोब एकूण ४० मिमीचा असतो: चिप्स १ ते ४ मिमीच्या असतील तर वरचा थर ६ मिमी, ४ ते ७ च्या असतील तर ९, आणि ७ ते १० च्या असतील तर १२, बाकी खाली काँक्रीट. फोटोतल्यासारखे मोठे खडे पाहिजेत आणि थर मात्र ६ मिमीचाच, असं जमत नाही. मधे काचेच्या किंवा पितळेच्या पट्ट्या टाकून चौकोन पाडायचे, एक चौकोन २ चौरस मीटरपेक्षा मोठा नको. पट्ट्या शोभेसाठी वाटतात पण खरं काम तडे आवरायचं.

मग रंग. सॅम्पल पॉलिश केलेलंच मागा, न घासलेल्या तुकड्यावरून काहीच कळत नाही. त्याच्यावर थोडं लिंबू आणि शेवभाजीची तर्री टाकून रात्रभर राहू द्या. लिंबानं चमक उडणार, कारण संगमरवर आणि सिमेंट दोघांनाही आंबट सोसत नाही, आणि व्हाइट सिमेंटवर हळद-तेलाचा डाग किती बसतो तेही दिसेल. स्वयंपाकघरात म्हणून करडा बेसच बरा, पांढरा हॉलमध्ये टाका. ओसरीवर काळा-चॉकलेटी घेतला तर मे महिन्यात दुपारी अनवाणी उभं राहून दाखवा!

खरा खेळ घासाईचा, आणि इथंच लोक पैसे वाचवतात. ओतल्यावर आठवडाभर पाणी साचवून ठेवायचं, आपल्या उन्हात फरशी लगेच सुकते म्हणून हे काम हिवाळ्यात काढलेलं चांगलं. त्यानंतर मशीन, आधी ६० नंबरचा जाडा दगड, मधे बारीक भोकं त्याच रंगाच्या सिमेंटनं भरायची, मग १२० च्या आसपास, शेवटी ३२० किंवा त्याहून बारीक, आणि मग चमक आणायला ऑक्झॅलिक पावडर आणि मेण. किती हात मारणार हे भाव ठरवतानाच लिहून घ्या. राडा भयंकर होतो, त्यामुळे भिंतींच्या रंगाचा शेवटचा हात आणि फर्निचर यानंतरच. बाथरूममध्ये मात्र जास्त चमक नको, पाय सटकतो.

आणि जुनं घर घेतलं असेल, खाली आधीच मोझॅक असेल, तर ती उखडू नका. आधी एका कोपऱ्यात हातभर जागा घासून बघा. रोजचं म्हणाल तर साधं पाणी, थोडा सौम्य साबण. संडास साफ करायचं ॲसिड तिच्यावर अजिबात नाही.