संतांच्या मूर्तीला गणपतीचा हात लावू नका: या चुका टाळा

आमचा कारखाना वडोदऱ्यात, दांडिया बाजारच्या मागच्या गल्लीत. आषाढापासून भाद्रपदापर्यंत फक्त गणपती, बाकीचे महिने मिळेल ते काम. त्यात गेली पंचवीस वर्षं चर्चचं काम बरंच असतं. फतेगंजपासून पार आणंद-नडियादकडच्या गावांतून मूर्ती येतात. आता आपली नवी पोरंही या कामात उतरतायत, पैसे बरे मिळतात म्हणून. उतरा, माझी ना नाही. पण दर दोन महिन्यांनी कोणीतरी बिघडवलेला एखादा संत टेम्पोतून माझ्या दारात उतरतो आणि बिघाड बघावा तर तोच. आपला हात दहा दिवसांच्या देवावर बसलाय. गणपती चतुर्दशीला पाण्यात जातो आणि जाताना आपल्या चुकाही घेऊन जातो. संत अँथनी मात्र साठ-सत्तर वर्षं तिथेच उभा असतो आणि कोणाची तरी आजी रोज त्याच्या पायाला हात लावत असते.

वरून ऑइल पेंट मारणे

ही माझ्या डोक्यात जाणारी पहिली चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलणार.

काही वर्षांपूर्वी एका चर्चच्या कमिटीतले दोघं आले. बरोबर चार फुटी संत अँथनी, प्लास्टरचा, जुना. १३ जूनला त्याचा सण, हातात सतरा दिवस. "काका, एक हात मारून द्या फक्त. चमकला पाहिजे." मूर्ती उजेडात घेतली तर झग्यावर फोडच फोड. नखाने टोकरलं तर रंग पापडासारखा सुटला आणि त्याच्या पाठीला चिकटून प्लास्टरची सालही आली.

प्लास्टर पावसाळ्यात भिंतीतली, फरशीतली ओल पितं आणि हिवाळ्यात सोडतं. चकचकीत ऑइल पेंटने पुढून तोंड बंद केलं की ओल आत कोंडते, आणि बाहेर यायला बघते ती रंग उचलूनच. मग फोड दिसला की लोक काय करतात? लांबी (पुट्टी) भरतात, पॉलिश पेपर मारतात आणि वर आणखी एक हात ऑइल पेंट.

मी नाही म्हटलं. सणाला फोटो ठेवा म्हणालो. कमिटीतल्या एकाने तोंड वाकडं केलं, पण फादरांनी ऐकलं आणि आधी बिशप हाउसला, म्हणजे बिशपच्या कचेरीला, पत्र लिहिलं. हे पत्र पोरांना माहीतच नसतं. चर्चचा १९८३ चा कायदा आहे, त्याचं ११८९ वं कलम: जुनेपणामुळे, कलेमुळे किंवा लोकांच्या भक्तीमुळे मोलाची ठरलेली मूर्ती धर्माधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय दुरुस्त करायची नाही, आणि परवानगी देण्याआधी त्याने जाणकारांना विचारायचं. कागद मागितला की गिऱ्हाइकाला वाटतं, काका भाव वाढवतायत. वाटू दे. उद्या कोणी विचारलं, आमच्या अँथनीचा चेहरा कोणी बदलला, तर तोच कागद तुम्हाला वाचवतो.

मग चार महिने खरवडणं. पंधरा नंबरचं सर्जिकल ब्लेड, कपाळाला भिंग, दिवसाला फार तर तळहाताएवढी जागा. वर कॉफी रंगाचा ऑइल पेंट, त्याखाली लांबी, त्याखाली दुसरा ऑइल पेंट, आणि सगळ्यात खाली मूळ रंग: मातकट तपकिरी, झग्याच्या काठाला सोन्याचा वर्ख, कमरेच्या दोरीला तीन गाठी. त्या तीन गाठी लांबीत पार बुजल्या होत्या. अँथनी फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातला. अशा साधूच्या दोरीच्या तीन गाठी म्हणजे त्याची तीन व्रतं. कोणीतरी त्या गुळगुळीत करून टाकल्या, दिसायला बरं म्हणून.

शेवटी बैठकीवर आलो. खालच्या ऑइल पेंटचा थर उचलला तर पेन्सिलीने लिहिलेलं 'श्री'. वळण आमच्या बाबांचं. ते कुठलंही काम हातात घेताना बैठकीच्या मागच्या बाजूला आधी 'श्री' लिहायचे, मग ब्रश उचलायचे. म्हणजे तो पहिला ऑइल पेंट आमच्याच कारखान्यातून गेला होता. मी त्या वेळी बहुधा बाजूला उभा राहून डबा ढवळत असेन. फादरांना खरं ते सांगितलं आणि 'श्री' पुसू का विचारलं. त्यांनी वाकून बघितलं, हसले आणि म्हणाले, "राहू द्या. मागच्या बाजूला आहे."

ज्यांना अजून पटत नसेल त्यांनी स्पेनमधल्या एस्तेया गावच्या संत जॉर्जचे फोटो बघावेत. सोळाव्या शतकातली लाकडी मूर्ती, २०१८ मध्ये कोणीतरी खेळण्यासारखी रंगवली. पुढच्या वर्षी ते रंग उतरवायला तीस हजार युरोंहून जास्त खर्च आला, आणि मूळ रंगातला काही भाग कायमचा गेलाच.

"फोटो पाठवतो, तसंच करा"

नव्या मूर्तीच्या ऑर्डरमधली ही चूक. मोबाइलवर फोटो येतो, खाली लिहिलेलं असतं 'तेरेसा'. कुठली? आविलाची संत तेरेसा हातात पुस्तक आणि पीस घेते. लिझ्यूची छोटी तेरेसा गुलाब आणि क्रूस घेते. दोघींचाही वेश कार्मेल संघाच्या जोगिणींचा, तपकिरी झग्यावर पांढरा अंगरखा. आणि अर्ध्या वेळा गिऱ्हाइकाच्या मनात असतात कोलकात्याच्या मदर तेरेसा, ज्या २०१६ मध्ये संत झाल्या आणि ज्यांच्या साडीला तीन निळ्या रेघा असतात, एक जाड, दोन बारीक. एका पोराने दोनच रेघा मारल्या होत्या. सिस्टरांनी दारातूनच परत पाठवली.

वसईहून इकडे स्थायिक झालेल्या एका मराठी कॅथलिक कुटुंबाचंही असंच झालं. त्यांना घरात संत गोन्सालो गार्सिया हवे होते. आपले, वसईचे. आधीच्या कारागिराने क्रूसावरचा येशूच घडवला आणि अंगावर तपकिरी झगा चढवला. डोक्यावर काटेरी मुकुट, हातात खिळे. आता ही हकिकत माहीत असायला नको का? ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला सव्वीस जणांना क्रूसावर चढवलं, त्यांतले हे एक. तिथे खिळे मारले नव्हते, दोऱ्यांनी आणि लोखंडी कड्यांनी बांधलं होतं आणि भाल्यांनी भोसकलं. म्हणून यांच्या मूर्तीत दोन भाले आरपार गेलेले दाखवतात. १८६२ मध्ये संतपद मिळालं. त्या घरातल्या आजींना हे सगळं पाठ होतं, कारागिराने त्यांना विचारलंच नाही.

माझ्या वहीत प्रत्येक ऑर्डरला एक पान असतं: संत कोण, संघ कुठला, झग्याचा रंग, उजव्या हातात काय, डाव्या हातात काय, सण कधी. खाली फादरांची सही. सही होईपर्यंत मी शाडूचं पोतं सोडत नाही. नव्या संतांना तर हे जास्तच लागतं. कार्लो अकुतिस २०२५ मध्ये संत झाला, जीन्स आणि बूट घातलेला पंधरा वर्षांचा मुलगा. त्याला झगा चढवून पाठवलेला एक नमुना मी पाहिलाय.

माप गिऱ्हाइकाचं घेऊ नका, कोनाडा स्वतः मोजा. पाच फुटी कोनाड्याला पाच फुटी मूर्ती सांगतात आणि तेजोवलय विसरतात.

डोळे

गौरीचे डोळे आखणाऱ्याला संताचे डोळे देताना मी घाबरतो. आपण काजळाची जाड रेघ ओढतो, बुबुळ मध्यभागी, समोर रोखलेलं. संताची नजर बहुतेक वेळा खाली, गुडघे टेकून बसलेल्या माणसाकडे असते, नाही तर वर आकाशाकडे. मूर्ती सहा-सात फूट उंचावर असते. मी माती चौथऱ्यावर चढवतो आणि जमिनीवर बसून बघतो, तेव्हा कळतं पापणी किती उतरवायची. उभं राहून आखलेले डोळे कोनाड्यात गेल्यावर समोरच्या भिंतीकडे बघत बसतात.

जुन्या मूर्तीत डोळे काचेचे असू शकतात. रंग मारण्याआधी टॉर्च मारून बघा.

बाकीच्या, पटापट

मेणबत्तीची काजळी काढायला थिनर नको, कपड्याची पावडर तर नकोच. गालाची लाली पहिल्या पुसण्यात जाते. इअरबड घ्या, थुंकीने ओला करा, झग्याच्या मागच्या कोपऱ्यात दोन सेंटिमीटर पुसून बघा. हसू नका, मोठ्या संग्रहालयांतही थुंकी वापरतात.

प्लास्टरच्या तुटक्या बोटाला सिमेंट लावू नका. ओल लागली की सिमेंट आणि जिप्समचं जमत नाही, फुगून सांधा फुटतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घरांत शिरलं तेव्हा गुडघाभर बुडालेल्या मूर्ती लोकांनी खांद्याला धरून उचलल्या. खांदे हातात आले, पाय फरशीवर राहिले. ओल्या प्लास्टरची ताकद निम्म्यावर येते. पाणी ओसरू द्या, बैठकीखाली फळी सरकवा, सावलीत आणि पंख्याखाली महिनाभर ठेवा. हीटर लावला तर वरचं प्लास्टर पिठासारखं भुगभुगतं. आतली सळई गंजली असेल तर तांबडे डाग पुढे महिन्यांनी फुटतात, म्हणून आठ दिवसांत रंगाला बसू नका. घाई करणाऱ्यांचं काम मी घेत नाही, सरळ सांगतो.

फायबरची मूर्ती करणार असाल तर रेझिनमध्ये आधी कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हायला घालतात ते द्रावण) पूर्ण ढवळा, मग हार्डनर घाला. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत ओतले तर भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. हे दुकानदार सांगत नाही.

आणि दुरुस्तीपलीकडे गेलेली मूर्ती तलावाकाठी किंवा पिंपळाखाली ठेवून येऊ नका. ती आपली पद्धत. त्यांच्याकडे आशीर्वाद दिलेली मूर्ती पुरतात किंवा जाळतात, फादरांना विचारा. कोणीतरी रात्री माझ्या ओट्यावर हातभर उंचीचा संत जोसेफ ठेवून गेलं होतं, हातातला सुताराचा काटकोन तुटलेला. सागाच्या चिपेचा नवा काटकोन करून बसवला. दोन वर्षं झाली, घ्यायला कोणी आलेलं नाही. रंगाच्या डब्यांशेजारी उभा आहे.