बीटा द्यायची कुणाला, विचारायचं काय

आमचं ॲप मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. मागावर निघालेल्या टॉवेलांचे डझन मोजायचे आणि शनिवारी कामगारांचा पगार काढायचा, एवढंच त्याचं काम. पहिली बीटा, म्हणजे पक्की होण्याआधी लोकांनी वापरून बघायची आवृत्ती, मी संक्रांतीच्या आठवड्यात दिली. सोलापुरात तेव्हा गड्ड्याची यात्रा. कुणी उघडूनही पाहिली नाही. आता मी मंगळवारी देते, म्हणजे पगाराच्या आत चार दिवस हाताळायला मिळतात.

बीटा काढली की नव्या सुविधा घालणं थांबवा. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतही पहिल्या बीटानंतर फक्त दुरुस्त्या होतात. आवृत्तीवर २.०.०-बीटा.१ असं स्पष्ट लिहा आणि गिटहबवर, म्हणजे जिथे आपला कोड ठेवतो त्या साइटवर, 'प्री-रिलीज'ची खूण करा, म्हणजे ती 'लेटेस्ट' म्हणून कुणाच्या गळ्यात पडत नाही. अँड्रॉइडवर बीटाचा ॲप्लिकेशन आयडी, म्हणजे फोन ज्यावरून ॲप ओळखतो ते नाव, वेगळा ठेवा. जुनं ॲप शेजारी तसंच राहतं.

हे मी केलं नव्हतं. दुसऱ्या बीटाने जुना डेटा नव्या साच्यात बदलला आणि मागे फिरायची सोयच नव्हती. एका कारखानदार काकांचा आठवड्याचा हिशोब गेला. रात्री त्यांच्या वहीवरून तो मी पुन्हा भरून दिला. बॅकअप घेतल्याशिवाय बीटा सुरूच होऊ देऊ नका.

"कसं वाटलं?" असं विचारू नका. "छान आहे की" एवढंच ऐकू येतं. मेहनत घेतलेल्या पोरीला तोंडावर कोण नावं ठेवणार? काम सांगा: "या शनिवारचा पगार यावर काढा, वहीशी ताडून बघा, कुठे अडलात ते सांगा." आणि जमेल तिथे शेजारी जाऊन बसा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात दिवाणजी एकच बटण तीनदा दाबत होते. आकडे तेलुगूत मोजता मोजता थांबून मला म्हणाले, "ताई, सेव्ह झालं का न्हाई हे?" बटण दाबल्यावर पडद्यावर काहीच दिसत नव्हतं, आणि एका कामगाराची नोंद तीनदा चढली होती. ही तक्रार लिहून कुणीच पाठवली नसती.

लोक व्हॉट्सॲपवर आवाजात सांगतात. त्यांना गिटहबवर खातं काढायला लावू नका. इश्यू, म्हणजे तिथली तक्रारीची नोंद, आपणच लिहा: आवृत्ती, फोन, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. स्क्रीनशॉटमधली कामगारांची नावं आणि पगार आधी झाका, कारण इश्यू सगळ्या जगाला दिसतो.

पुढची बीटा देताना ज्याने चूक दाखवली त्याला आधी कळवा. दिवाणजींना मी फोन केला, तर त्यांनी आणखी दोन अडचणी सांगितल्या.

सलग दोन शनिवार पगार वहीशी पैशापैशाने जुळला, तेव्हा मी 'बीटा' हा शब्द काढला.